कान चार्जिंगला असताना

प्रिय ताई,

तुझ्या धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत, काळजी करू नकोस. गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप. आसपास ना माणूस, ना विजेचा खांब. छपरावरच्या सोलर पॅनेलवर एका वेळी एकच वस्तू चार्ज होते, म्हणून भर दुपारी आधी ह्यांची कानातली यंत्रं लावते, मग फोन. "कान चार्जिंगला टाकलेत, आता काय हवं ते बोलून घे," असं हे चिडवतात. यंत्रांशिवाय ह्यांना ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही, तुला ठाऊकच आहे.

तुझा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेतेस ना?

परवा यंत्रं चार्जिंगला असताना हे एकदम म्हणाले, "अगं, बाहेर कुणी बाई हाका मारतेय." मला काहीच ऐकू आलं नाही. काय म्हणतेय, ते मी कागदावर लिहून विचारलं.

"टिल्ले, चल गं, उशीर झाला."

ताई, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेच्या फाटकातून तू मला अशीच बोलवायचीस. हे नाव मी ह्यांना कधी सांगितलेलंच नाही.

काल हाक दाराशी आली. आज तुला फोन करायला मी यंत्रं बाजूला ठेवून आधी फोन चार्ज केला, पण रेंजच मिळेना. हे म्हणाले, "ती म्हणतेय, फोन राहू दे."

हे पत्र पाण्याचा टँकरवाला नेईल. त्याच्याच पत्त्यावर तुझ्या हातच्या दोन ओळी पाठव. तोवर दार उघडायचं नाही, असं मी ह्यांना बजावलंय. हे मात्र सारखे विचारतात, "एवढ्या उन्हात तिला बाहेर का उभं ठेवलंयस?"

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी