मी जेवले

दि. ३ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पुलाच्या कामावर फोनला रेंज नाही आणि रविवारी टेकडी चढून तू फोन करशील तोवर माझ्याच्याने राहवणार नाही, म्हणून लिहिते. अण्णा बोलले! अर्धांगाचा झटका आल्यापासून ज्या तोंडातून नुसती घरघर ऐकली, त्या तोंडातून काल अख्खं वाक्य आलं. मी ताट उचलायला गेले तर म्हणाले, मी जेवले. ताट हातात धरून मी तशीच उभी. मग हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. हो, तू बरोबर वाचलंस. जेवलो नाही, जेवले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं की दिवसभर त्यांच्याशी बोलत राहा, जे कराल ते सांगत करा. म्हणून मी काज-बटणाचं काम त्यांच्या खाटेशी आणलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. मी दोरा ओवते, मी चहा ठेवते, मी जरा टेकते. ऐकून ऐकून तेच त्यांच्या जिभेवर बसलं. आज सकाळी म्हणाले, मी उठते. तेही मिशीला पीळ देत! आरागिरणीत ज्यांच्या एका हाकेसरशी आरे थांबायचे, ते आपले अण्णा.

गिरणीतला मिस्त्री भेटायला येईन म्हणतोय. तू कधी येतोस? खाण्यापिण्याची हेळसांड करू नकोस आणि माझ्या वाटची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी उडीच मारली. इथल्या मुकादमाला वाटलं, मला बढती मिळाली. मग शांतपणे पुन्हा वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

ताई, हे वेळीच सुधारायला हवं. तुला आठवतं का, लहानपणी गिरणीत माझ्या बोटात लाकडाची ढलपी घुसली आणि मी भोकाड पसरलं, तेव्हा अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले होते की हे पोर बायकी आहे. त्यानंतर मिस्त्रीपासून हमालांपर्यंत सगळे मला बायकीच म्हणायचे. तो एक शब्द अंगावर वागवत मी शाळा संपवली. मला राग काढायचा नाहीये. पण ज्यांच्या लेखी यापेक्षा वाईट शिवी नव्हती, त्यांना जेव्हा कळेल की आपण काय बोलतोय, तेव्हा त्यांचं काय होईल? त्यांच्यावर कुणी हसलेलं मला बघवणार नाही. मिस्त्रीला तर घरात घेऊच नकोस.

मी एक युक्ती काढली आहे. त्यांना 'मी'ची वाक्यं शिकवूच नकोस, 'मला'ची शिकव. मला भूक लागली, मला झोप येते. त्यात बाईपण नाही आणि पुरुषपणही नाही. महिनाअखेर रजा मिळते आहे, तेव्हा मी येऊन बघतोच.

रागावू नकोस. तुझा हात डोक्यावर आहे म्हणून इथे निभतंय.

तुझा बोका

दि. १९ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

तुझी युक्ती करून पाहिली. मला भूक लागली, मला तहान लागली, मला दुखतं. गुणी पोरासारखं सगळं म्हणाले. पण दोन दिवसांत मलाच वीट आला. मला-मला करणारा माणूस स्वतः काही करतच नाही रे, सगळं त्याला नुसतं होतं. अण्णा एकदम आजारी वाटायला लागले. मी उठते म्हणतात तेव्हा निदान उठून बसतात तरी.

आणि तू ज्याला बायकी म्हणतोस ते साधं स्त्रीलिंगी आहे. बायकी ही शिवी, स्त्रीलिंगी हे व्याकरण. तुझा पूल मोठा पुल्लिंगी, पण उभा कशावर आहे? ती खडी, ती वाळू, ती सळई. अण्णांची मिशी स्त्रीलिंगी, दाढीसुद्धा! आणि आपण त्यांना मान देऊन म्हणतो, अण्णा जेवले, अण्णा उठले, तेव्हा हसतं का कुणी? त्यांनी त्यातलंच 'जेवले' उचललं असं समज. 'उठते'चं मात्र काय करायचं ते मला सुचत नाही, हे कबूल.

मिस्त्री येऊन गेला. आऱ्याशेजारी जन्म काढून तो ठार बहिरा झालाय. अण्णा काय म्हणाले ते त्याला एक अक्षर कळलं नाही, पण दोघांच्या गप्पा फार रंगल्या.

बाईंनी सांगितलंय की जे येतं ते येऊ द्या, मध्ये टोकू नका, टोकलं की माणूस मिटतो. तेव्हा येशील तेव्हा नुसतं ऐक. एवढं एक माझं ऐक.

तुझी वाट बघणारी,
ताई

दि. १४ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. इथलं काय लिहू?

तू गेल्यापासून अण्णा एक शब्द बोललेले नाहीत. मला वाटलं, तू गेलास म्हणून रुसलेत. पण तसं नाही. रजा संपवून निघताना तू दारात होतास, ते आनंदाने म्हणाले की मी उठते, आणि तू खाली वाकून, अगदी मायेने, म्हणालास की अण्णा, उठतो म्हणा. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. मग मिशीवर हात ठेवला तो तोंडावरच राहिला. तू बॅग उचलत होतास, तुला दिसलं नसेल.

आता भूक लागली तरी सांगत नाहीत. 'मला'ची वाक्यंसुद्धा गेली. मी दोरा ओवताना बोलत राहते आणि ते भिंतीकडे तोंड करतात. बाई येऊन गेल्या, म्हणाल्या, वाट बघा. किती वाट बघायची ते त्यांनाही माहीत नाही.

तुला दोष देत नाही. तू वाईट काही बोलला नाहीस. पण कुणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

सांभाळून राहा.

ताई

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू एवढं एकच सांगितलं होतंस आणि नेमकं तेच माझ्याकडून झालं. रजा मागितली, मिळत नाही. पुढच्या खांबाचं काम अर्ध्यावर आहे. इथे बसून मी काय करू शकतो? काहीच नाही. काल जेवताना हात ताटातच राहिला.

एकच सुचतंय, तेही वेडगळ आहे. रविवारी फोन करतो. मोबाइल त्यांच्या कानाशी धर. मी बाईसारखं बोलेन. त्यांना कळू दे की त्यात काही कमीपणा नाही, त्यांचा मुलगाही तसं बोलतो. टेकडीवर रेंजसाठी कामावरची पोरं जमलेली असतात, ती हसतील. हसू देत. मला त्याची सवय आहे.

जमलं तर मला माफ कर, न जमलं तरी लोभ तोडू नकोस.

तुझा बोका

दि. २८ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

रविवारी मध्येच फोन तुटला, म्हणून पुढचं लिहिते. तुला काय काय ऐकू आलं ते मला माहीत नाही.

अण्णा भिंतीकडे तोंड करूनच होते. तू म्हणालास, अण्णा, मी बोका, मी आत्ताच जेवले. मागे पोरांचं हसणं मलासुद्धा ऐकू आलं. तू पुन्हा म्हणालास, मी जेवले, मी आता कामावर जाते. तुझा आवाज चिरकत होता. अण्णांनी मान वळवली. कपाळाला आठ्या पडल्या, त्या गिरणीतल्या आठ्या. ओठांची बरीच ओढाताण झाली आणि ते स्पष्ट म्हणाले, जेवलो म्हण.

ऐकलंस का रे ते? तेवढं तरी तुझ्यापर्यंत पोचलं का? तू जेवलो म्हणायचं, हे त्यांना बरोबर माहीत होतं. अजूनही तुला कुणी हसू नये, म्हणून ते बोलले.

फोन तुटल्यावर त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, मी दमले.

हे मी दिवसभरात किती वेळा म्हणत असेन, ते मला तेव्हा कळलं. ते स्वतःचं सांगत होते की माझं, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. मी म्हटलं, हो अण्णा, दमले. त्यांनी मान हलवली. त्यानंतर पुन्हा सगळं गप्प आहे.

मी खाटेशी काज करत बसते. अजून बोलत राहते, फक्त ते एक वाक्य टाळते. जमेल तेव्हा ये. तुझी माया लागते, पूर्वीपेक्षा जास्त लागते.

तुझी ताई