गरम दुपटं

६ फेब्रुवारी
तीन नंबरच्या खाटेवरचीच्या पोटातल्या बाळाचे ठोके थांबलेत. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत दोनदा पाहून सांगितलं. पहिलटकरीण, दिवस भरलेले. बाळ हलत नाही म्हणून सकाळी स्वतःच चालत आली होती.

दुपारी बाळंत झाली. मुलगी. अशा बाळंतपणात आमची कामं सगळी तीच असतात. नाळ बांधली, पुसलं, वजन केलं. आईला विचारलं, बघायचंय का? "नको." बाळ शेजारच्या खोलीत ठेवलं.

संध्याकाळी म्हणाली, आणा.

इथे घोळ झाला. आमची धुतलेली दुपटी वॉर्मरखालीच असतात, बाळाला ऊब देणाऱ्या त्या दिव्याखाली. हात आपसूक तिकडेच जातो. गेला. गार पडलेलं बाळ गरम दुपट्यात गुंडाळून मी तिच्या हातात दिलं!

ती ताडकन उठून बसली. "सिस्टर, गरम आहे ही! बघा ना, गरम आहे!"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. पुन्हा मान हलवली. मी म्हटलं, "अगं, दुपटं गरम आहे. दिव्याखालचं आहे." ती माझ्याकडे बघतही नव्हती.

थोड्या वेळाने बाळ परत घेतलं.

७ फेब्रुवारी
तिची सासू आली होती. "सून म्हणते पोर जिवंत होती. तुम्ही घाई केलीत." मेट्रनबाईंनी मला बोलावलं. "अशा वेळी गरम दुपटं द्यायचं, हे कोणी शिकवलं?"

कोणीच नाही. तसं सांगितलं.

आमच्या मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. "मग काय फ्रीजमधलं द्यायचं होतं?"

"मावशी, तुम्हाला विचारलंय का?" मेट्रनबाई ओरडल्या खऱ्या, पण पुढे मला काही बोलल्या नाहीत.

तिला घरी सोडलं. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

८ फेब्रुवारी
दोन बाळंतपणं. दोन्ही सुखरूप. एकाने बाहेर आल्या आल्या माझ्या अंगावर शू केली. आईला हसू आवरेना — टाके घालायचे होते, डॉक्टरीणबाई वैतागल्या.

दुपटी वॉर्मरखालचीच.

११ फेब्रुवारी
चहात मीठ घातलं. ह्यांनी अर्धा कप पिऊन मग विचारलं, "हे औषध आहे का?" खूप हसलो. नंतर म्हणाले, "कामावर काही झालंय?" म्हटलं, नेहमीचंच. त्यांनी दुसरा चहा केला. बरा करतात.

१५ फेब्रुवारी
तीन नंबरचा नवरा आला होता. भांडायला आला असेल असं वाटलं. बाकावर बसला, हेल्मेट मांडीवर.

"ती झोपत नाही, सिस्टर. म्हणते, जिवंत पोर मी माझ्या हाताने परत दिली."

मी बाकावर शेजारी बसले.

"दुपटंच गरम होतं ना? खरं सांगा."

"दुपटंच. पोर गार होती. मीच गुंडाळली."

"मग तिला सांगा ना एकदा."

"सांगितलं होतं. तिथल्या तिथे."

"हो," म्हणाला. "मीही रोज सांगतो."

आत पाच नंबरला कळा वाढल्या होत्या. उठावं लागलं.

१६ फेब्रुवारी
पाच नंबरला काल मुलगा झाला. आज मावशी म्हणाल्या, "तुम्ही हल्ली दुपटं गालाला लावून बघता." माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
तीन नंबरचा फोन आला. तिचा स्वतःचा. वॉर्डात जोडून दिला.

"तक्रार नाही करायची मला. उद्या येते. एकटीच."

"ये."

"दुपटं तसंच दिव्याखाली ठेवा. मग माझ्या हातात द्या. नुसतं, रिकामं. हाताला तेव्हासारखंच लागतं का, ते बघायचंय मला."

मेट्रनबाईंना विचारलं. शेजारची खोली सकाळी मोकळी ठेवतो म्हणाल्या. दुपटं मी धुऊन वाळत घातलंय. उद्या अकरा वाजता येईल.