आईसाहेबांच्या नावाची वाटी

लंडन, ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दाजींस,

त्र्यंबकाचे साष्टांग नमस्कार. ताई, मुलं आणि तुमचा गुडघा, सर्व खुशाल असावेत. आधी तक्रार. तुम्ही पाठवलेला हिंग पोचला, इतका पोचला की घरमालकीण पेगलरबाई नाक धरून म्हणाल्या, "वकीलबुवा, पुडीत जे काही मेलंय ते पुरा, नाहीतर दुसरी खोली बघा." पुडी आता खिडकीबाहेर टांगली आहे. तरी बाई देवमाणूस. गुरुवारी श्रीखंडासाठी त्यांनी मला अख्खं स्वयंपाकघर मोकळं करून दिलं.

श्रीखंड कशाला, ते सांगतो. कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून आपलं सोनवळे संस्थान खालसा केलं, ते पार्लमेंटाने तपासावं म्हणून पाच वर्षं मी इथल्या पायऱ्या झिजवतो आहे. ट्रेंचर्डसाहेबांनी (आपल्यासाठी भांडणारे एकमेव सभासद, त्यांच्या सात पिढ्यांचं कल्याण होवो) अखेर गुरुवारची संध्याकाळ मिळवली. नियम असा, की सभेत चाळीस डोकी हवीत. कमी भरली आणि कोणी हरकत घेतली, की सभा बरखास्त. हिंदुस्थानचं नाव निघालं की इथली बाकं रिकामी होतात. साहेबांनी हातापाया पडून बरोबर चाळीस जमवले.

त्यातले दोघे माझ्या बिऱ्हाडावरून पुढे जाणार होते. एवढे उपकार करणाऱ्यांना कोरडं कसं पाठवायचं? पुरीबरोबर एक वाटी झाली, दुसरी झाली. ते उठू लागले तसे मी हात जोडले, "ही शेवटची, आमच्या राणी आईसाहेबांच्या नावाची." (राणीच्या नावाला नाही म्हणणं या लोकांना जमत नाही.) ती खाऊन एकाने जाकिटाची बटणं सोडली, दुसऱ्याने डोळे मिटले. 'अति सर्वत्र वर्जयेत्' मी आठव्या वर्षी पाठ केलं होतं. श्रीखंडाला लावायचं राहून गेलं.

तिकडे डोकी मोजली. अडतीस.

ट्रेंचर्डसाहेब तडक माझ्याकडे आले. "वकीलसाहेब, शत्रूला जमलं नाही ते तुमच्या वाटीनं केलं." मी मान खाली घातली. ते शेजारी बसले, उरलेलं श्रीखंड चाटूनपुसून संपवलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा मांडू. जेवण मात्र सभा उठल्यावर." अशी माणसं परमुलखात भेटली, हे आपल्या वाडवडिलांचं पुण्य.

आपला,
त्र्यंबक

ता. क. हिंग आणखी पाठवा. पेगलरबाई हल्ली खिडकीतून चिमूट चिमूट काढून मटणात घालतात.

आणखी एक. आईसाहेबांना सभा पुढे गेली एवढंच सांगा, त्यांच्या वाटीचं नको. दत्तक इथे कोणी मानत नाही, त्यामुळे त्यांच्यामागे हा अर्ज कोणाचाच राहत नाही. तुमची तिन्ही पत्रं 'प्रकृती उत्तम' म्हणतात, पण मागल्या कागदावर त्यांची सही शेवटी कापत गेली आहे. त्या पुढचं वर्ष पाहतील ना? खरं काय ते लिहा. मला झोप लागत नाही.