बाबांचा ऑईलचा डबा

रविवार, डिसेंबर १९९८

गाडीच्या निळ्या धुराचं कारण आज कळलं. महिनाभर मी उगाच इंजिनाला शिव्या घालत होतो. त्र्यंबक रोडच्या मेकॅनिकने ऑईल मोजायची पट्टी पुसली, पुन्हा बुडवून दाखवली. "साहेब, इंजिन चांगलं हाय. ऑईल लय झालंय. रोज कोण ओततं?"

बाबा. पूजा आटोपली की डबा घेऊन खाली जातात, गाडीत ऑईल घालतात. काल घातलेलं आज आठवत नाही. रोज माझ्यासमोरून तो डबा घेऊन जायचे. मी पेपर वाचत बसायचो. कसं लक्षात आलं नाही?

मेकॅनिकने जास्तीचं ऑईल काढलं. घरी येईपर्यंत धूर थांबला. डबा मी कपाटात लपवला.

संध्याकाळी बाबा जिन्याखाली डबा शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर वाकून शोधत राहिलो.