पेटीमागची जागा

धाकटीच्या आईस,

प्रभूच्या कृपेने मी इथे सुखरूप आहे. खोली स्वच्छ आहे, पंखा तेवढा कुरकुरतो. गोळ्या वेळेवर घेतोय. धाकटीचा खोकला थांबला का? तुझी कंबर कशी आहे?

'स्त्री, पुरुष आणि आपली श्रद्धा' असा हा उन्हाळी वर्ग. पुरुष आम्ही तिघंच. शिकवणाऱ्या सिस्टर डोळ्यांत तेल घालून वह्या तपासतात.

काल त्यांनी आम्हा तिघांना विचारलं, "रविवारच्या मिस्सेतलं कोणतं गीत तुमच्या बायकोला आवडतं?" बाकीचे दोघे वह्या चाळू लागले. मी मात्र ऐटीत हात वर केला. चर्चमध्ये पेटी मीच वाजवतो, गीतंही मीच निवडतो. हात वर गेला खरा, पण उत्तरच सुचेना. सिस्टर म्हणाल्या, "असू दे, घरी विचारून सांगा."

सिस्टरना मी काहीतरी ठोकून देईन, त्याचं काही नाही. पण तू कळव. एकोणीस वर्षं दर रविवारी तू माझ्या पाठीमागे उभी असतेस. तिथे तू गातेस की नुसतीच उभी असतेस, तेही लिही. पेटीच्या आवाजात मला कधी ऐकू आलं नाही.

तुझा,
पेटीवाला