चोविसाव्या आठवड्याचे विधेयक

३ मार्च, सोमवार

आज एका घोर अन्यायाची नोंद करणे भाग आहे. माझ्या पेनाचे टोपण चोरीला गेले! वार्ताहर कक्षात चहा घ्यायला उठलो, तीन मिनिटांत परतलो — पेन जागच्या जागी, टोपण अंतर्धान. पेन नेणारे चोर जगात पुष्कळ. नुसते टोपण नेणारा कोणत्या संप्रदायाचा? सुरक्षा अधिकाऱ्याला गाठले. तो म्हणाला, "लेखी द्या." दिले. आता चौकशी होईल, अहवाल येईल, तोवर मी निवृत्त झालेला असेन. सव्वीस वर्षे या सदनाचे वृत्तांत लिहितो आहे, इतके गंभीर काही पाहिले नव्हते.

बाकी सदनात विशेष नाही. गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती मांडली गेली. आजची मर्यादा वीस आठवडे. दोन डॉक्टरांनी लिहून दिल्यास ती चोवीस करावी, एवढेच. समितीचा अहवाल चारशे पानी. समितीत अकरा सभासद, अकराही पुरुष. चौदा शहरांचा दौरा केला म्हणे, आणि एक प्रसूतिगृह पाहिले. बाहेरून.

४ मार्च, मंगळवार

विरोधातले एक सभासद गर्भाचे मोठे चित्र घेऊन आले. उभे धरले. पलीकडून कोणी ओरडले, "उलटं धरलंय!" हे म्हणाले, "बाळ पोटात उलटंच असतं!" मग पाचव्या महिन्यात ते सुलट असते की उलट, यावर बावीस मिनिटे. सभापतींनी अखेर चित्र आडवे धरण्याचा निर्णय दिला.

दुपारी आणखी एक जण गहिवरून म्हणाले, "हा कायदा तेव्हा असता, तर मी आज इथे नसतो!" समोरच्या बाकांवर विधेयकाविषयी प्रथमच खरी आस्था दिसली.

लेख छान उतरला. संपादकांचा निरोप — "दोन्ही बाजूंना सारख्या ओळी द्या." दिल्या की! पूर्वपक्ष लिहावा, उत्तरपक्ष लिहावा, सिद्धान्त वाचकावर सोडावा. तारुण्यात संस्कृत पाठशाळेत शिकलो त्यातले एवढेच पोटापाण्याला उपयोगी पडले.

५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन होता. घेतला हिने. मी पेपर वाचत होतो. मग पेपर खाली ठेवला.

बाळाच्या दोन्ही किडन्या तयारच झालेल्या नाहीत. सोनोग्राफीत दिसले. जन्मले तरी काही तास. आज एकोणीस आठवडे दोन दिवस. डॉक्टर म्हणतात, मोठ्या इस्पितळात दुसरी तपासणी झाल्याखेरीज आम्ही कशावरही सही करणार नाही. ती तारीख मिळाली पुढच्या मंगळवारची.

मंगळवारी वीस आठवडे एक दिवस होतो. बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. बोटे तेवढीच.

बाहेरदेशी जाऊन करता येते, असे जावई म्हणाला. पण तिचा रक्तदाब चढलेला, प्रवास बंद.

ही ओट्याजवळ उभी राहून म्हणाली, "अहो, ते तुमचं विधेयक पास होईल ना?"

माझे विधेयक!

६ मार्च, गुरुवार

सदनात गेलो. लिहिले. सारख्या ओळी.

७ मार्च, शुक्रवार

आजचा विषय — आठवडा म्हणजे काय? तो रविवारी सुरू होतो की सोमवारी? एका वकील सभासदांनी तीन निवाडे वाचले, त्यांपैकी एक भाड्याच्या बैलगाडीविषयी. मी टिपणवहीत कोपऱ्यात १९–४ असे लिहिले आणि खोडले.

पैलवानांचे भाषण झाले. (तरुणपणी कुस्ती खेळत, आता फक्त मान तेवढी आडदांड.) विरोधात. टेबलावर मूठ आपटली तेव्हा पाण्याचा पेला पडला. गॅलरीतल्या त्यांच्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, सभापतींनी गावकऱ्यांना दटावले, पैलवान प्रसन्न.

मतदान बुधवारी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. सदसद्विवेकाचा प्रश्न म्हणून गुप्त — चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे बोलताना विवेक नको, चिठ्ठीपुरता असला की झाले.

१० मार्च, सोमवार

हे कोणाला सांगायचे नाही. वही, तुला सांगतो.

माझी एक यादी असते. कोण बाजूने, कोण विरोधात. सव्वीस वर्षांत ती दोनदाच चुकली. दोन्ही पक्षांचे प्रतोद — आपापल्या सभासदांना हाकून आणणे हे त्यांचे काम — येताजाता ती बघून जातात. आणि इथली एक जुनी रीत आहे, जोडीची. एखादा सभासद आजारी असेल, तर विरुद्ध मताचा एक जण सौजन्य म्हणून मतदानाला येत नाही. दोघांची मते वजा होतात, कोणाचे नुकसान नाही. लेखी काही नसते, शब्द असतो.

हेडमास्तरीणबाई — निवृत्त झाल्या तरी सबंध सदन त्यांना वचकून असते — विधेयकाच्या सर्वांत कट्टर पुरस्कर्त्या. शनिवारी पायरीवरून पडल्या, मांडीचे हाड मोडले. मी इस्पितळात भेटायला गेलो. म्हणाल्या, "जोडी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर खाटेसकट नेऊन ठेवा मला तिथे. आणि चिठ्ठी शुद्धलेखनासह लिहीन, सांगा त्यांना!"

डॉक्टर हलवायला तयार नव्हते. माझी यादी सांगत होती — एकेका मताचा खेळ. बाजूचे एकही मत फुकट जाता कामा नये. मी बाईंच्या पक्षाच्या प्रतोदाला गाठले आणि जन्मात न केलेली गोष्ट केली. म्हणालो, "पैलवानांना विचारा. पक्के विरोधात आहेत, आणि शब्दाला जागणारे."

प्रतोद मला घेऊनच त्यांच्याकडे गेला. पैलवान माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं पंडित, तुम्ही म्हणताय तर."

घरी आल्यावर हिला म्हणालो, होईल पास. पहिल्यांदाच एका बाजूला उभा राहिलो, आणि किती हलके वाटले!

११ मार्च, मंगळवार

तपासणी झाली. आधीच्या डॉक्टरांचे बरोबर होते.

वीस आठवडे एक दिवस.

१२ मार्च, बुधवार

बाजूने ६१. विरोधात ६२.

सभापतींनी आकडे दोनदा वाचले. कोणी तरी हसले. ते का हसले ते कळले नाही. लेख पाठवला. सारख्या ओळी.

१३ मार्च, गुरुवार

उपाहारगृहात पैलवान माझ्या टेबलाशी येऊन बसले. बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत.

"पंडित, एक बोलू? छापू नका."

"बोला."

"मी बाजूनेच टाकणार होतो."

मी म्हटले, "अहो, तुमचं भाषण—"

"भाषण गावासाठी हो! चिठ्ठी कोण बघतंय? माझ्या धाकट्या बहिणीचं मी पाहिलंय. कळलेलं होतं जगणार नाही म्हणून, तरी नऊ महिने काढले तिने. सहा तास होतं ते मूल. तेव्हा मनात ठरवलेलं, कधी वेळ आली तर..."

"मग जोडीला हो का म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं ना! आणि आणलं कोणी ते? तुम्ही. तुमच्या यादीत मी विरोधात. म्हटलं, पंडितांनाही पटलंय, मग भाषण जमलं म्हणायचं."

त्यात उपहास नव्हता. मला शाबासकीच देत होता बिचारा.

दोन मते. जोडी लावली नसती, तर बाई खाटेवरून आल्या असत्या. पैलवान चिठ्ठी टाकायला होतेच. त्रेसष्ट–बासष्ट. मी इथे बसून नुसते लिहीत राहिलो असतो, दोन्ही बाजूंना सारख्या ओळी देत, तर विधेयक पास झाले असते.

चहाचे पैसे त्यांनी दिले.

१५ मार्च, शनिवार

लेकीकडे आलो आहे. ही आणि जावई औषधे आणायला गेले, तेव्हा तिला सगळे सांगितले. यादी, बाई, पैलवान, मी. ती खिडकीशी बसून ऐकत होती. वाटले, रडेल, चिडेल.

म्हणाली, "बाबा, मी अजून ठरवलंच नव्हतं."

ती खिडकीकडून वळली.

"आई म्हणाली पास व्हायला हवं. हे म्हणाले पास व्हायला हवं. तुम्ही तर तिथे जोड्या लावत फिरलात! करू का नको, मला एकानेही विचारलं नाही. रोज रात्री मी स्वतःलाच विचारत होते. आता तेही नको."

मग म्हणाली, "चहा टाकू?"

१६ मार्च, रविवार

सकाळी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. दूधवाल्या बाई हसून म्हणाल्या, "कितवा?" ती म्हणाली, "पाचवा." त्या म्हणाल्या, "जप हो!" आणि तीही हसली.

अजून साडेचार महिने रोज कोणी ना कोणी विचारणार. उद्या मी परत जाणार. मला दुसरी कसलीही काळजी नाही. ती एकटी चालत असताना तिला कोणी विचारेल, याची मला भीती वाटते.