गोणपाटावर पडलेला पैसा

लोणावळा, मंगळवार, १९ जानेवारी १९६५

आज दुकानात झालं ते कुणाला सांगू? म्हणून इथं लिहितोय.

आंदर मावळातली एक म्हातारी जुने ढब्बू पैसे मोडीत घालायला आली. ते आता बाजारात कुणी घेत नाही. आटवायला तांबं चोख आहे की नाही, हे आमचे आबा आवाजावरून सांगतात. पैसा काळ्या दगडावर टाकायचा आणि कान द्यायचा. एवढी वर्षं त्यांच्या कानावर भाव ठरत आला.

आज एक पैसा दगडावर पडलाच नाही, शेजारच्या गोणपाटावर पडला. आवाज कसला येणार? तरी आबांनी तसाच कान दिला, मान डोलावली. म्हणाले, "चोख आहे."

कधीपासून ऐकू येत नाहीये त्यांना? मुलगा असून मला कळू नये?

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आबा म्हनत्यात तर चोखच आसंल." मी चोख तांब्याचा भाव दिला.

सारखं ते गोणपाटच डोळ्यांपुढं येतंय.

दुकान बंद करताना आबांनी ते उचललं, नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उद्यापासून तू वाजव."